पवनचे चार उपाय आणि एक बादली

बायको घरात नसली की नवऱ्याने टीव्ही बघावा, नाहीतर सरळ झोपावं. कामशेतच्या पवनने त्या रविवारी गुलाब छाटायचं ठरवलं. मोबाइलवरचा माणूस म्हणाला होता, "न घाबरता कापा." पवन अजिबात घाबरला नाही. गुलाब जमिनीपासून चार बोटं उरला, तेव्हा घाबरला.

गुलाब साधासुधा नव्हता. सृष्टीने लग्नानंतर माहेराहून आणलेला गावठी गुलाब होता तो. माहेरचं झाड पुढे रस्ता रुंद करताना गेलं आणि हा एकटाच मागे राहिला. सृष्टी आता आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिकडे गेली होती आणि महिन्याभराने आईला घेऊनच येणार होती. (सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, आल्या की आधी त्या गुलाबाशी बोलत. मग वेळ उरला तर जावयाशी.)

पवनने बुंध्यावर बादली पालथी घातली आणि कापलेल्या काड्या घेऊन शेजारी धाव घेतली.

"चाचा, याला मुळं कशी फुटतील?"

"मधात बुडीव," बद्रुद्दीनचाचा म्हणाले. "लय भारी उपाय हाय."

"मध नको रं, मुंग्या लागत्याल," आतून चाची, रोशनबी, ओरडल्या. "दालचिनीची पूड लाव!"

मोबाइल म्हणाला, कोरफड. उर्शाच्या टोलनाक्यावर पवनसोबत ड्यूटी करणारा संदेश म्हणाला, काडी बटाट्यात खोचून बटाट्यासकट पुरायची. पवनचं डोकं गरगरायला लागलं. शेवटी त्याने सगळंच केलं. चार कुंड्या, चार उपाय. घोटाळा नको म्हणून कुंपणाच्या निरगुडीच्या चार ओल्या काठ्या मोडल्या, प्रत्येक कुंडीत एकेक रोवली आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: मध, दालचिनी, कोरफड, बटाटा.

मधाला मुंग्या लागल्या. बटाटा उंदराने उकरून अर्धा खाल्ला. मधाच्या मुंग्यांवर दालचिनी टाकावी की दालचिनीत मध घालावा, हे पवनला कळेना. तो नुसता सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिला.

आणि एक दिवस कुंड्यांमध्ये पालवी दिसली. एकीत नव्हे, चारही कुंड्यांत!

पवन हवेत गेला. टोलनाक्यावर त्याने संदेशला तासभर व्याख्यान दिलं. चाचांनाही सुनावलं, "मधाचं प्रमाण नीट लागतं, चाचा."

सृष्टी आईला घेऊन आली, तेव्हा त्याने गुन्हा एका दमात कबूल करून टाकला आणि तोऱ्यात कुंड्यांकडे हात केला. "एकाचे चार केले!"

कस्तुराबाईंनी पान चुरगळून नाकाला लावलं.

"जावईबापू, ही निरगुडी हाय."

"छे! दालचिनीचा वास असेल तो."

"आन् गुलाब ह्यो बगा." त्यांनी शेजारची काडी उपटली. ती चुलीत घालायच्या लायकीची झाली होती.

पवनला काही केल्या उमगेना. "पण मध तर गुलाबाला लावला होता. मग फुटली निरगुडी कशी?"

सृष्टीचे डोळे भरून आले. ते बघून पवनला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गुलाबाच्या जागी गेली, खाली बसली आणि तिने बादली उचलली.

बुंध्यातून तीन फुटवे निघाले होते. उन्हाविना पांढुरके, पण चांगले तरतरीत.

"अगं बया!" कस्तुराबाई हरखल्या. "ह्याला काय लावलं व्हतं?"

"काहीच नाही," पवन पुटपुटला. "भीतीने इकडे फिरकलोच नाही."

"म्हनून तर जगला."

सृष्टीने डोळे पुसले, कुंपणाची एक काठी मोडली, गुलाबाशेजारी रोवली आणि तिला चिठ्ठी बांधली: 'पवन, हात लावायचा नाही.'

पवनने खरंच हात लावला नाही. गुलाब जोमाने वाढला. पंधरवड्याने त्या चिठ्ठीच्या काठीलाही पालवी फुटली.