नमुना घरी येतो

घरच्यांना कामाला कसं लावावं, हे माझ्याकडून शिका. मोजकं बोलायचं, स्पष्ट बोलायचं!

त्या दुपारी आमच्या प्रयोगशाळेची शीतखोली बंद पडली. आत ध्रुवाकडच्या समुद्रातून आणलेल्या बर्फाचा एकुलता एक ठोकळा, आणि त्या बर्फात जिवंत शेवाळ! तो वितळला की आमचं सगळं संशोधन पाण्यात. माझ्या घरी मोठा डीप फ्रीझर आहे. ठोकळा पेटीत घालून ड्रायव्हरबरोबर तिकडे पाठवायचं ठरलं. मी मेकॅनिकच्या मानगुटीवर बसलो आणि बायकोला फोन केला.

"नमुना येतोय घरी. आला की एकदम थंडीत ठेव. दार अजिबात उघडायचं नाही!"

"अगं बाई, आत्ता? घरात नुसता पसारा आहे!"

पसाऱ्याचा काय संबंध? मी फोन ठेवला. इकडे ड्रायव्हरवर भरवसा नाही म्हणून साहेब स्वतःच पेटी घेऊन निघाले, ते मला कुणी सांगितलंच नाही. आणि आमच्या साहेबांना मी घरी पहिल्यापासून 'नमुना'च म्हणतो!

थोड्या वेळाने पुन्हा फोन केला. "आला का नमुना?"

"आलाय," बायको कुजबुजली. "बेडरूममध्ये कोंडलाय. एसी सोळावर."

"सोळावर? अगं, वितळेल तो!"

"वितळतोय कसला! कुडकुडतोय. शाल मागत होता, मी दिली नाही."

शाल? माझं डोकंच फिरलं! "वेळ घालवू नकोस! उचल आणि टाक फ्रीझरमध्ये! मावत नसेल तर वरून थोडा तासून काढ!"

"अहो, शुद्धीवर आहात ना? तुमचे साहेब आहेत ते!"

"साहेब? मग पेटी कुठाय?"

"ती होय! ते मला म्हणाले, 'काय करायचं ते यांनी तुम्हाला सांगितलंच असेल.' म्हटलं, सांगितलंय तर! आणि नेऊन बसवलं त्यांना आत. पेटी ओली लागली, म्हणून गॅलरीत उन्हात ठेवलीय."

धावत घरी पोचलो. पेटीत नुसतं खारट पाणी! मला रडूच कोसळायचं बाकी होतं. साहेब चादर गुंडाळून पलंगावर बसले होते.

"नवा बर्फ आणायला हवा," ते शिंकत म्हणाले. "जहाज लवकरच निघतंय. तुम्ही जा."

"सर, आईचे गुडघे..." दर मोहिमेला देतो तेच कारण मी पुढे केलं.

"वहिनींशी दाराआडून भरपूर गप्पा झाल्या. गुडघे ठणठणीत आहेत. तुम्हाला बोट लागते!"