मुळ्येकाकांनी ओळखलं नाही

मुळ्येकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही, दार वाजवलं. मी उघडलं, तर आत यायचं सोडून त्यांनी उघड्या दारावर बोटाच्या पेराने पुन्हा दोनदा टकटक केली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "आत पोकळ आहे. बिल्डरने काय सांगितलं होतं, सागवान?"

मी म्हटलं, "हो."

"सांगणारच," म्हणाले, आणि चपला काढून आत आले.

ही त्यांची सवय सगळीकडे चालायची. लग्नात गेले की नवरानवरीच्या आधी चौरंग वाजवून बघायचे. डॉक्टरांकडे गेले की टेबल. आमच्याच इमारतीतल्या एकांचे वडील गेले, तेव्हा भेटायला म्हणून गेलेल्या मुळ्येकाकांनी पलंगाच्या कडेवर टकटक केली आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "जुना साग आहे. हा काढू नका." घरच्यांना ते लागलं नाही, असं मला नंतर सांगण्यात आलं. पलंग काढायचं त्यांचं खरंच ठरलं होतं.

(मुळ्ये हे नाव खरं नाही. त्यांची इमारत आणि त्यांच्या मुलाचं राहण्याचं ठिकाणही मी बदललं आहे. का, ते पुढे येईलच.)

त्यांची तीस वर्षं लाकडाच्या वखारीत नोकरीत गेली. निवृत्त झाल्यावर, बायकोही गेल्यावर, ते वारज्यातल्या आपल्या फ्लॅटच्या कपडे वाळवायच्या गॅलरीत बेस गिटार बनवू लागले. तेव्हा हातात घेतलेली तर फणसाच्या लाकडाची होती. चार जाड तारांचं हे वाद्य गाण्यात सहसा कुणाला ऐकू येत नाही, बंद पडलं तरच कळतं. काकांना त्यातलं हेच आवडायचं. "कानाला विचारू नका," ते म्हणायचे, "पोटाला विचारा. पोटात आलं तर सूर, नाहीतर नुसता आवाज."

तारांखाली बसवायचं पिकअप, म्हणजे आवाज टिपणारं चुंबक, तेही ते घरीच करायचे. त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे हाताने घ्यायचे. मधे कुणी आलं आणि आकडा चुकला की सगळं उलगडून पहिल्यापासून. म्हणून दारावर पाटी होती : 'वेढे चालू आहेत. बेल वाजवू नये. आपलं काम बहुतेक एवढं महत्त्वाचं नसतं.'

आमचा बेस वाजवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. सात-आठ जण, बहुतेक आयटीतले. रविवारी सकाळी वारज्यातच, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. वाजवणं कमी, वाद जास्त. कुठलं पिकअप, कुठलं लाकूड, तारा किती महिन्यांनी बदलायच्या. काकाही यायचे; त्यांनी अकरा वर्षांत तारा बदलल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, "मुरू द्या की. लोणच्याला घाई करता का?"

मी मूळचा अकोल्याचा. पुण्यात येऊन पंधरा वर्षं झाली, तरी इथे कुणी 'अहो वानखडे' म्हटलं की आपलं काहीतरी चुकलं असणार असं वाटतं. काका तर तसंच म्हणायचे. त्या ग्रुपमध्ये आपल्याकडे एक अशी वस्तू असावी की सगळे गप्प होतील, असं मला फार वाटायचं. म्हणून इंटरनेटवर एक कारागीर शोधून मी खास माझ्यासाठी बेस बनवून घेतला. एकसंध शिसव, असं त्याने लिहून दिलं होतं. आठ महिने वाट पाहिली. आला त्या दिवशी माझी दहा वर्षांची मुलगी ओवी त्याला हात लावायच्या आधी हात धुऊन आली.

रविवारी सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी तो मांडीवर घेतला, मागून एकदा टकटक केली आणि परत दिला. म्हणाले, "पट्टा चांगला घ्या, वानखडे. खांद्याला लागेल."

बस, एवढंच. शिसवीबद्दल एक शब्द नाही.

तो पट्टा माझ्या डोक्यात बसला. दोन आठवडे मी ऑफिसात, गाडीवर, जेवताना त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होतो. काका नेहमी म्हणायचे, "पडद्याआड वाजवा, लाकूड सांगतो." मी ठरवलं, वाजवायचं. 'शिसव' म्हणाले तर चारचौघांत कबूल केल्यासारखं होईल. दुसरं काही म्हणाले तर तोंडघशी पडतील. दोन्हीकडून फायदा माझाच.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये दोरीवर चादर टाकली. ओवी पुढेच सतरंजीवर बसली होती. तिला माहीत होतं आत काय आहे, त्यामुळे ती तोंडावर हात धरून हसत होती. एकाने मोबाइल धरला. मी चादरीमागे बसून सगळ्यात जाड तार छेडली.

मग काका म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा वाजवली.

"ती दुसरी वाजवा बरं."

वाजवली. चादरीच्या फटीतून मला ते दिसत होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते. एकदा चादरीकडे बघितलं, एकदा ओवीकडे. मग चष्मा काढून रुमालाने पुसत बसले.

"नाही येत सांगता," ते म्हणाले. "मला नाही ओळखता येत. उगाच बोलत होतो इतके दिवस."

मी चादर बाजूला सारली आणि गिटार वर धरली. "शिसव, काका. एकसंध शिसव." सगळे हसले. ओवीने टाळ्या वाजवल्या. काकाही थोडं हसले, पिशवी उचलली आणि गेले.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'काकांचं पोट बिघडलं.' लोकांनी तो पुढे पाठवला. दोन दिवसांत मला तो ज्यांचं नावही माहीत नाही अशा लोकांकडून परत आला. मला अभिमान वाटला. आता लिहिताना तो शब्द लिहवत नाही, पण वाटला होता तो अभिमानच.

त्यानंतर काका रविवारी यायचे बंद झाले. आम्ही म्हटलं, लाज वाटत असेल.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा माझ्या बेसची एक कड फुगली. पापुद्रा सुटून आला. मी तो घेऊन कसब्यात गेलो. तिथे एका बोळात शेलारमामा म्हणून तंबोरे दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर बसतात; त्यांचं नाव काकांच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यांनी गिटार उलटी केली, फुगलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठेवून जा. सरस भरून, दाबून देतो. कळणार पण नाही."

"पण शिसव अशी फुगते का?" मी विचारलं.

त्यांनी सरसाचं भांडं जवळ ओढलं. मी पुन्हा विचारलं.

"साहेब, वर शिसवीचा पापुद्रा हाय. खाली प्लाय हाय." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं. मुळ्येसाहेब येऊन गेले होते उन्हाळ्यात. म्हणाले, पावसात वारज्याचे एक वानखडे येतील. गुपचूप नीट करून दे, बोलू नको काही."

मी गिटार तिथेच ठेवली आणि बाहेर आलो. गाडी कुठे लावली ते मला बराच वेळ आठवेना.

संध्याकाळी काकांकडे गेलो. दारावर पाटी नव्हती. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "कसब्यात गेला होतात वाटतं. त्या शेलाराच्या तोंडात काही राहत नाही. बसा."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवशीच."

"मग त्या दिवशी नुसतं 'शिसव' म्हणायचं होतं. तुमचीही लाज राहिली असती, माझीही."

"प्लायला शिसव म्हणू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अश्लील बोललो आहे. "तीस वर्षं वखारीत काढली मी, वानखडे. ते माझ्या तोंडून निघालं नसतं. आणि प्लायला प्लाय म्हणावं, तर तुमची मुलगी पुढ्यात बसलेली. राहिलं काय मग? मला येत नाही, एवढंच राहिलं."

ते उठले, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि स्वतःच प्यायले.

"आमचा मुलगाही वाजवायचा," ते म्हणाले. "बेसच. कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवर होता. तिसरी तार उतरली होती. मी प्रेक्षकांतून उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, थांब, तार लाव आधी. हॉल हसला सगळा. त्याने गाणं पुरं केलं, गिटार खाली ठेवली, ती परत उचलली नाही. माझ्याशी बोलणंही तसंच. दिवाळीला एक मेसेज येतो. यायचा." मग म्हणाले, "तार उतरलेली होती, बरं का. मी बरोबरच होतो."

"कुठे असतो तो?"

"वाघोलीला."

म्हणजे याच शहरात, फक्त दुसऱ्या टोकाला.

"काका, मी ग्रुपवर लिहितो," मी म्हटलं. "आजच. गिटार प्लायची आहे, तुम्हाला ठाऊक होतं, सगळं लिहितो. माफी मागतो."

"मुळीच नाही."

"अहो, पण लोक तुम्हाला हसतात."

"हसू देत." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुमचा तो व्हिडिओ फिरत फिरत त्याच्याकडे गेला. त्याच रात्री फोन आला. म्हणाला, बाबा, तुम्हाला 'नाही येत' म्हणताना मी पहिल्यांदा बघितलं. मी काय बोलणार? म्हटलं, नाही आलं खरं. मग त्याने विचारलं, जेवलात का." त्यांनी तांब्या जरा बाजूला सरकवला. "रविवारी येतो आता. आठदा आला. म्हणून तुमच्याकडे जमत नाही."

मी मान खाली घातली.

"मी बरोबर होतो, हे त्याला कळायला नको," काका म्हणाले. "तुम्ही माफी मागाल, तुम्हाला हलकं वाटेल. आणि मी पुन्हा बरोबर ठरेन. तसं करू नका."

मी केलं नाही. शेलारमामांनी कड अशी बसवून दिली की खरंच कळत नाही. दर रविवारी तो बेस घेऊन मी हॉलमध्ये जातो. कुणी नवीन आलं की ग्रुपमधलं कुणीतरी व्हिडिओ काढून दाखवतं आणि मग सगळे माझ्याकडे बघतात. माझा विनोद आहे ना तो. मी हसतो.

ओवी आता काकांची नक्कल करते. चष्मा काढते, रुमालाने पुसते, "मला नाही ओळखता येत," म्हणते. आवाज हुबेहूब लावते. पाहुणे खूश होतात, तिची आईही खूश होते. मी तिला थांबवत नाही. थांबवलं तर का, असं ती विचारेल.