लाल गोंड्याचा खानदानी बोकड

बकरी चाऱ्यावर वाढत नाही, रक्तावर वाढते, असं श्रीधररावांनी हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त होताच जाहीर केलं. चारा काय, कोणीही घालतं; वंश निवडायला डोकं लागतं. ते आपल्याकडे आहे याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती.

हिंगण्याच्या पुढे त्यांनी शेड टाकली, बकऱ्या आणल्या. पत्नी यमुताईंनी एकच अट घातली. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत शेडवर एक तरी बकरी गाभण दिसली पाहिजे, नाहीतर शेड बंद आणि मुक्काम धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या नजरेसमोर. श्रीधररावांना त्या फ्लॅटची धास्ती होती. तिथे लसूण सोलत बसावं लागे.

विकत आणतानाच गाभण असलेल्या एका बकरीला जुळे बोकड झाले, हुबेहूब सारखे. पण श्रीधरराव वजन करत होते आणि एक जरा पुढे होता. तो वंशासाठी राखायचा, दुसरा खस्सी, म्हणजे खच्ची करायचा, असं त्यांचं शास्त्र सांगत होतं. राखायच्या बोकडाच्या गळ्यात त्यांनी लाल गोंडा बांधला आणि जनावरांच्या डॉक्टर अदितीला बोलावलं. दोघांपैकी एकाला खस्सीचा चिमटा लावायचाय, कोणता ते तिथे आल्यावर दाखवतो, म्हणाले.

ती शेडवर पोचली तेव्हा श्रीधरराव धरमपेठेच्या बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना आनुवंशिकता समजावून सांगत होते. विषय असा रंगला की शेडवर जायचं राहूनच गेलं. तेवढ्यात फोन वाजला. अदितीने विचारलं, "काका, या लाल गोंडेवाल्याचं काय करू?"

श्रीधररावांना वाटलं, पोरगी दावं सोडायचं विचारून राहिली. सुटला तर सरळ हायवेवर जाईल.

"त्याले सोडू नका, डॉक्टर," ते ठासून म्हणाले. "काही झालं तरी सोडू नका."

काम चोख झालं. चिमट्याच्या कामात रक्त नाही, जखम नाही, वरून बघून कळायला मार्ग नाही. दुसरा बोकड श्रीधररावांनी शेजारच्या शेडवाल्या महादेवरावांना देऊन टाकला. दुय्यम माल त्यांना दारात नको होता.

मग गोंडेवाला जो वाढला! श्रीधरराव भेटेल त्याला त्याचं वजन सांगत. बोकडाला येतो तो उग्र वास याला नव्हता. ते म्हणत, खानदान आहे. तो कोणाला टक्कर मारत नसे, संस्कार आहेत. बकऱ्या माजावर येत, त्याच्या पुढ्यात उभ्या राहत, आणि हा सभ्यपणे बाजूला होऊन सरकीची ढेप खात राही. यात दोष अर्थातच बकऱ्यांचा होता. श्रीधररावांनी त्यांचा चारा बदलला.

दिवाळी तोंडावर आली, तरी एकही बकरी गाभण नाही. शेजारी महादेवरावांकडे मात्र पिल्लांचा नुसता गोंधळ. तेच एक दिवस पेढे घेऊन आले.

"मन मोठं हाय गा भाऊ तुमचं," ते म्हणाले. "इतका चांगला बकरा कोन देते?"

श्रीधररावांनी पेढा खाली ठेवला. त्यांनी अदितीला बोलावलं. यमुताई मुद्दाम सोबत आल्या. अदितीने गोंडेवाल्याला एकदाच हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "काका, हा तर खस्सी आहे. मीच तर केला."

"काहून पण?" श्रीधररावांनी विचारलं. "मी याले सोडू नका म्हटलं होतं."

"म्हणून तर नाही सोडला."

गोंडेवाला ढेप चावत राहिला. श्रीधररावांना मनापासून वाईट वाटलं, पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांचं शास्त्र खरंच ठरलं होतं. वंश उत्तम निघाला होता, फक्त भिंतीच्या पलीकडे. हेच ते यमुताईंना सविस्तर समजावून सांगू लागले.

यमुताईंनी त्यांना अर्ध्यात थांबवलं. "अहो, आता ही शेड सोडा."

या खेपेस शब्दाचा अर्थ त्यांना बरोबर कळला. घरी दिवाळीच्या चिवड्याचा लसूण सोलायचा पडला होता.