तिसऱ्या उंबरामागचं पाणी

एका जंगलात, बालमित्रांनो, एक फार जुनी वाणी होती. किती जुनी, ते विचारू नका. त्या जंगलात प्रश्न विचारणाऱ्याकडे सगळे वळून बघत असत, आणि ते बघणं काही चांगलं नसे.

ही वाणी झाली कशी, ते सांगतो. पूर्वी जनावरं जे बघत, ते गाऊन ठेवत. पहाट बघून हरणांनी गायलं. वणव्याला भिऊन हत्तींनी गायलं. एकदा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा एका रानडुकरिणीने मुसकटाने जमीन उकरून पाणी काढलं. पुढच्यांच्या उपयोगी पडावं म्हणून तिने तेही गाऊन ठेवलं.

जंगलात लिहिण्याची सोय नव्हती. म्हणून वाणी पाठ करायचं काम पोपटांकडे आलं. त्यांना लवकरच एक अडचण जाणवली. इतकी पवित्र वाणी म्हणायची आणि तिच्यात रानडुकरिणीचं नाव घ्यायचं, हे कसं दिसेल? त्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं की वाणी कोणीच रचलेली नाही. ती आधीपासून होतीच. ठराव एकमताने झाला, कारण रानडुकरांना बैठकीचं बोलावणंच नव्हतं.

पुढे वाणीचा पसारा वाढला, तेव्हा एका म्हाताऱ्या कासवाने तिचे चार भाग केले. चारच का, यावर पोपटांची सात व्याख्यानं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. माझं विचाराल तर कासवाला पाय चार होते. एकेका पायाशी त्याने एकेक पोपटकुळ बसवलं आणि एकेक भाग वाटून दिला.

मग प्रत्येक भागाला विधी जोडले गेले. विधींना स्पष्टीकरणं जोडली गेली आणि स्पष्टीकरणांवर भाष्यं झाली. काही पोपट या सगळ्याला कंटाळले. ते रानात आणखी आत गेले आणि 'हे सगळं कशासाठी?' असं एकमेकांना विचारत बसले. शेवटी त्यांचे प्रश्नसुद्धा इतरांनी पाठ करून टाकले.

पण बरं का, पोपटांची थट्टा करतोय म्हणून त्यांचं श्रेय मी नाकारणार नाही. हजार वर्षांत त्यांनी वाणीची एक मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नाही. चूक होऊ नये म्हणून ते प्रत्येक ओळ सुलटी म्हणत, उलटी म्हणत, पुन्हा सुलटी म्हणत. असं पाठांतर तुमच्याच्याने होणार नाही आणि माझ्याच्याने तर नाहीच. मला परवा पाठ केलेला फोन नंबर आठवत नाही.

एक नियम मात्र कडक होता. उकरणाऱ्या जनावरांनी वाणी ऐकायची नाही. रानडुकरं, साळिंदरं, घुशी, सगळी त्यात आली. पाठ चालू असताना पोपटांच्या वडाजवळून जायची वेळ आलीच, तर त्यांनी कानांत ओला चिखल भरायचा.

आणि एका वर्षी पाऊस आलाच नाही. दुसऱ्याही वर्षी आला नाही. तळं आटलं, ओढा आटला.

त्या जंगलात साळू नावाची साळिंदरीण होती. तिला दोन पिल्लं. थोरलं दिवसभर पडून असे. धाकट्याला काटे उभारण्याचंही त्राण उरलं नव्हतं. साळू दोघांना घेऊन पोपटांच्या वडाखाली आली. वडावर सर्वांत वरच्या फांदीवर हरितशास्त्री बसले होते. ते साऱ्या पोपटांचे प्रमुख.

"शास्त्रीबुवा," साळू म्हणाली, "वाणीत पाण्याचं सांगितलंय म्हणं. येवढं सांगा की. पोरं जात्यात माझी."

"तुला ऐकण्याचा अधिकार नाही," हरितशास्त्री म्हणाले.

"नगा सांगू मला. तुमीच जाऊन उकरा. मी लांब उभी ऱ्हाते."

"आम्ही उकरत नाही. शिवाय तिथे पाणी म्हणजे पाणी नव्हे, ज्ञान. श्लोकातले उंबर म्हणजे इंद्रियं. आणि खणणं म्हणजे आत्मपरीक्षण."

"ते पिऊन पोरं जगतील का?"

हरितशास्त्री चोचीने पंख साफ करू लागले. दुसऱ्या फांदीवरचे पोपट मात्र बोलले. त्यांच्या मते उंबर म्हणजे इंद्रियं नव्हेत, ऋतू. तिसऱ्या फांदीने सांगितलं की तो श्लोक आमच्या भागात नाही, त्यामुळे आम्हांला मत नाही. वाद रंगला. तेवढ्यात पाठाची वेळ झाली.

"कान बंद कर," हरितशास्त्री म्हणाले.

"कशानं?" साळूने विचारलं. "वला चिखल हाय कुठं?"

खरंच की. सगळ्या जंगलात चिमूटभर ओली माती नव्हती. पोपटांनी नियम धुंडाळले. कोरडा चिखल चालेल असं कुठेच सापडलं नाही. आणि पाठ थांबवणं तर शक्यच नव्हतं. हजार वर्षांत तो एकदाही थांबला नव्हता. सगळ्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"तिसऱ्या उंबरामागे, उंबरामागे तिसऱ्या, तिसऱ्या उंबरामागे खण, खण उंबरामागे तिसऱ्या, तिसऱ्या उंबरामागे खण."

साळूला पहिल्या दमातच समजलं. उरलेलं सुलटं-उलटं ऐकायला ती थांबली नाही. टेकडीच्या पायथ्याशी तीन उंबर एका ओळीत उभे होते. ते सगळ्यांनी पाहिलेले होते. पोपट तर रोज त्यांची फळं खात.

तिने तिसऱ्या उंबरामागे उकरायला घेतलं. नखं तुटली, पंजे सोलवटले, तरी ती उकरत राहिली. दुपार कलली तेव्हा माती गार लागली. मग ओली लागली. मग खाली गढूळ पाणी साचू लागलं. पिल्लांनी त्यात तोंडं बुडवली. धाकटं पोट टम्म होईपर्यंत प्यायलं आणि त्याचे काटे उभे राहिले. साळू तिथेच बसून ढसाढसा रडली.

बातमी पसरली. हरणं आली, हत्ती आले. हत्तींनी सोंडेने खड्डा मोठा केला. सगळे पोटभर प्याले आणि सगळ्यांनी साळूचं कौतुक केलं.

शेवटी पोपट आले. हरितशास्त्रींनी तीन घोट घेतले, चोच पुसली आणि जाहीर केलं, "हजार वर्षांच्या पाठाचं फळ आज मिळालं. हे पाणी पवित्र आहे. उद्यापासून उकरणाऱ्यांनी याला शिवू नये."

"असं वाणीत हाय?" साळूने विचारलं.

"वाणीत नाही. भाष्यात आहे."

"भाष्य कवा झालं?"

"आज दुपारी. तू खणत होतीस तेव्हा."

साळूने हरणांकडे पाहिलं. हरणं गवताकडे बघू लागली. तिथे गवत नव्हतं, तरी बघत राहिली. हत्ती म्हणाले, "आमचा वैयक्तिक विरोध आहे, पण परंपरेत कशाला पडायचं?"

साळूने पिल्लांना पुढे घातलं आणि ती चालू लागली. टेकडीपलीकडे आणखी उंबर होते आणि उकरायचं कुठे ते आता तिला समजलं होतं.

"आये," वाटेत धाकट्याने विचारलं, "पोपटांना वाणीचा अर्थ म्हाईत नव्हता व्हय?"

"व्हता की," साळू म्हणाली. "म्हणून तर आपल्याला आयकू देत नव्हते."

तात्पर्य : तहान लागली असता खणत बसू नये. भाष्य करावे, पाणी आपोआप आपले होते.