रहांगडाले सरांची घंटी

गोंदिया जिल्ह्याचा समग्र, साधार आणि अंतिम इतिहास सध्या आमगावात, माझ्या घराला लागून असलेल्या घरात लिहिला जात आहे. तो प्रसिद्ध झाला की आधीचे सगळे इतिहास आपोआप रद्द होतील, असं खुद्द इतिहासकारांनी मला सांगितलं आहे. इतिहासकार म्हणजे आमचे शेजारी रहांगडाले सर. लिहिताना ते प्रत्येक ओळीच्या शेवटी तोंडानं ‘टिंग’ म्हणतात.

सुरुवातीला हे टिंग लिहिण्यापुरतं होतं. आता ते बोलण्यातही उतरलंय. मध्यंतरी एका शोकसभेत सर उभे राहिले, “त्यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली,” इथवर आले, टिंग म्हणाले आणि खाली बसले. त्या सभेत मला तेवढंच भाषण आवडलं.

पण हे टिंग कुठून आलं ते सांगायला हवं.

सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून टाइपरायटर मांडलेले, आणि सर हातात पट्टी घेऊन पाठीमागून फिरत. आमगाव-सालेकसा भागातल्या कचेऱ्यांमध्ये जे कोणी टाइप करून राहिलेत, त्यातले बहुतेक सरांच्या हाताखालून गेले. सरांना त्यांची नावं आठवत नाहीत. रस्त्यात एखादा भारदस्त साहेब पाया पडला की सर बारीक डोळे करून म्हणतात, “डाव्या हाताची करंगळी कच्ची. तोच ना तू?” साहेब आपली करंगळी लपवतो.

इन्स्टिट्यूट बंद झाली आणि सर इतिहासाकडे वळले. आमच्याकडे निवृत्त माणूस एकतर कवी होतो नाहीतर इतिहासकार, आणि आमच्या गल्लीत कवीची जागा आधीच भरलेली होती. या न लिहिलेल्या पुस्तकासाठी सरांचा दोनदा सत्कार झाला आहे. शाल दोन्ही वेळा सारखीच होती. प्रकाशन सोहळ्याचे अध्यक्षही ठरून गेले. पुस्तक तेवढं राहिलं.

काही वर्षं सर शेवटच्या उरलेल्या टाइपरायटरवर लिहीत होते. मग रिबिन मिळेनाशी झाली. तेव्हा हैदराबादला नोकरी करणाऱ्या टेंभरे नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यानं सरांना कॉम्प्युटर बसवून दिला आणि त्यांच्यासाठी स्वतः एक प्लगइन तयार केला. प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडलेलं एक छोटंसं यंत्र. ते दोन कामं करायचं. कीबोर्डची बटणं टाइपरायटरच्या बटणांसारखी वागायची, आणि ओळ संपत आली की घंटी वाजायची. टिंग.

ही घंटी म्हणजे सरांचं तत्त्वज्ञान होतं. ज्या यंत्राला ओळ संपल्याचं समजत नाही ते लिहिण्याच्या लायकीचं नाही, असं ते म्हणत. माणसाला भानावर आणायला घंटी लागते. ती काढून टाकल्यामुळेच आजकालचे पुढारी बोलायचे थांबत नाहीत, असाही त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो मला त्यांच्या इतिहासापेक्षा जास्त साधार वाटत असे.

घरात दोघंच. सर पुढच्या खोलीत, काकू मागच्या. काचबिंदूनं काकूंची नजर गेली, त्याला काही वर्षं झाली. त्या भिंत धरून घरभर फिरतात, लसूण सोलतात, रेडिओ ऐकतात. नवऱ्याच्या इतिहासलेखनाबद्दल त्या कधीही एक शब्द बोलत नाहीत. यावरून त्यांची समज लक्षात यावी.

तर एके सकाळी ब्राउझर अपडेट झाला. सरांनी पहिली ओळ लिहिली, घंटी वाजायची वेळ आली, आणि प्लगइन कोसळला. पडद्यावर मराठीत सूचना आली, की प्लगइन बंद पडला असून तो पुन्हा सुरू करण्यासाठी या फुग्यावर क्लिक करा. सरांनी मला बोलावलं. आम्ही दोघांनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत फुगा शोधला. फुगा कुठंही नव्हता. सरांना प्लगइन गेल्याचं जेवढं दुःख होतं, तेवढाच राग या फुग्याचा होता. त्यांनी ब्राउझरच्या हेड ऑफिसला सविस्तर तक्रार लिहायची ठरवली. ती टाइप करायला प्लगइन लागत होता.

मला बोलावण्याचं कारण एवढंच, की मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि तिथला प्रिंटर एकदा माझ्या हातून सुरू झाला होता. त्या पुण्याईवर मी आजही जगतो. मी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. प्लगइन काढून पुन्हा टाकला. साठलेला कचरा साफ केला. दुसरा ब्राउझर आणला, त्यात प्लगइन शिरेचना. प्रत्येक वेळी सर ताठ बसून एक ओळ टाइप करत, आणि ओळ संपता संपता सगळं आडवं होई.

या खटपटीत मागच्या खोलीतून सारखा आवाज येई, “आहा का जी?”

“आहो ना,” आपण इथंच असल्याचं सर ओरडून सांगत.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. दोन माणसं एवढ्या गंभीर तांत्रिक कामात असताना काकू मधे मधे बोलतात याचा मला जरा वैताग आला, हे खरं. आधी त्या अशा हाका मारत नसत.

मग गोंदियाहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं कीबोर्डला हातही न लावता निदान केलं, “अंकल, फॉरमॅट मारना पडेगा.” सर म्हणाले, “आधी रोग सांगा, मग मारा.” त्याला रोग सांगता येईना. तो चहा पिऊन गेला.

शेवटी मी ब्राउझरची जुनी आवृत्ती शोधून बसवली. घंटी वाजली. सरांनी माझा हात हातात घेतला. दिवसभर पलीकडून टिंग टिंग येत राहिलं आणि मी माझ्या ओसरीत बसून ते स्वतःच्या कर्तृत्वासारखं ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी ब्राउझरनं स्वतःला पुन्हा अपडेट करून घेतलं होतं.

“न विचारता?” सरांनी मला विचारलं.

“हो.”

“माझ्या घरात?”

त्यांनी इंटरनेटची वायर उपटली. मग लक्षात आलं की घराला आग लागली तरी इतिहास वाचावा म्हणून टेंभरेनं तो इंटरनेटवर ठेवायला शिकवलं होतं. वायर काढली की इतिहास जातो, लावली की घंटी जाते. वायर हातात धरून सर बराच वेळ उभे होते.

टेंभरेला फोन लावला. त्यानं सगळं नीट समजावलं. नव्या ब्राउझरनं नियम बदलले होते. प्लगइनला आता मागं लपून आवाज करायची परवानगी नाही, म्हणून तो घंटी वाजवायला गेला की कोसळतो. मी घंटी काढून पाठवतो, तो म्हणाला, बाकी सगळं जसंच्या तसं चालेल.

“घंटी नाही तं मंग कायले पायजे?” सर म्हणाले. एरवी त्यांची मराठी छापील असते. बोलीवर आले म्हणजे प्रकरण संपलं असं समजायचं.

तरी टेंभरेनं बिनघंटीचा प्लगइन पाठवला. मी तो बसवला. उत्तम चालला. सर त्याला हात लावेनात. आता मात्र माझा संयम सुटला. एका जिल्ह्याचा इतिहास एका घंटीसाठी अडून बसला आहे, हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. मी त्यांना म्हटलं की टाइप करायचीही गरज उरलेली नाही, नुसतं बोललं तरी कॉम्प्युटर लिहितो.

“इतिहास तोंडानं लिहीत नसतात,” सर म्हणाले. मी घरी आलो.

त्यानंतर आठवडाभर पलीकडे शांतता होती. फक्त ती हाक. आहा का जी. आहो ना. आता सर लिहीत नव्हते, तरी पुढच्या खोलीतून हलत नव्हते. भाजी आणायचंही त्यांनी माझ्यावर टाकलं.

आणि एका सकाळी टिंग ऐकू आलं. मग पुन्हा. मला आनंद झाला, आणि प्लगइन माझ्याशिवाय दुरुस्त झाला याचं थोडं वाईटही वाटलं. मी पाहायला गेलो. सर पाठमोरे बसून टाइप करत होते. बटणं बडवल्यासारखी वाजत होती. ओळ संपत आली, सरांनी मान किंचित वर केली, घसा साफ केला, आणि बारीक, धातूचा वाटेल असा आवाज काढला. टिंग.

मला हसू आवरलं नाही. सर दचकून वळले. मला वाटलं चिडतील. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या खोलीकडे पाहिलं.

“तिले वाटते मशीन आहे,” ते हळूच म्हणाले. “ते वाजते तोवर तिले समजते का मी घरीच आहो. नाहीतं घडीघडी विचारा लागते तिले. विचाराची लाज वाटते.”

जिल्ह्याचा समग्र इतिहास घंटीसाठी अडला होता की घंटीसाठीच लिहिला जात होता, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

काही दिवसांनी सर बँकेत गेले असताना मी भाजी द्यायला गेलो. काकू लसूण सोलत होत्या. सरांचं लिखाण पुन्हा जोरात सुरू झालं, असं मी उगाच म्हटलं.

“हो ना जी,” काकू म्हणाल्या. “नवीन मशीन आहे. टिंगच्या आधी खोकलते.”

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

“सांगू नोका त्याहिले,” त्या म्हणाल्या आणि पुढची पाकळी उचलली.

पुढं टेंभरेनं सुट्टीच्या दिवशी खपून मागं न लपता वाजणारी घंटी तयार केली आणि नवा प्लगइन पाठवला. मी समारंभपूर्वक बसवला. सरांनी हात झटकले, ओळ लिहिली, आणि ओळीच्या शेवटी घंटी वाजली. खणखणीत, टाइपरायटरसारखी, कोसळल्याशिवाय. मी सरांकडे विजयानं पाहिलं.

मागच्या खोलीतून आवाज आला, “आहा का जी?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणखी एक ओळ लिहिली. घंटी वाजली.

“आहा का?”

सरांनी माऊस हातात घेतला. टेंभरेनं घंटी बंद करायचं बटण दिलं होतं, ते माझ्या मदतीशिवाय शोधलं आणि दाबलं. तिसरी ओळ लिहिली. शेवटाकडे आले, घसा साफ केला.

“टिंग.”

आतून लसणाच्या सालांचा आवाज सुरू झाला.

प्लगइन आता व्यवस्थित चालतो. घंटी बंद असते. सर रोज सकाळ-संध्याकाळ लिहितात, आणि जिल्ह्याचा इतिहास अजून पहिल्या प्रकरणात, नवेगाव बांधच्या तलावाच्या काठावरच आहे.