कारणांसाठी सोडलेल्या पाच ओळी

आमच्या शेजारच्या काळेअण्णांना 'चहा घेता का?' असं विचारलं, तर ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. डोळे मिटून सांगतात, "निकाल राखून ठेवला." मग इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, आधण आटत जातं, आणि माझी बायको गॅस बंद करायला उठली की अण्णा जाहीर करतात, "अर्ज अंशतः मंजूर." म्हणजे अर्धा कप, बिनसाखरेचा.

अण्णा उभा जन्म कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीश येत गेले, बदलून जात राहिले, अण्णा मात्र त्याच टेबलापाशी बसून निकाल ऐकत राहिले. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी कायदा आपल्याइतका कुणालाच कळत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. कोर्ट सुटलं, तेव्हा त्यांनी आमची सोळा फ्लॅटची सोसायटी धरली. सचिव व्हायला दुसरं कुणीच तयार नव्हतं, एवढं बहुमत त्यांना पुरलं.

त्यांचा पहिला गाजलेला खटला कुरडयांचा. 'गॅलरीच्या कठड्यावर काहीही वाळत घालू नये' असा आमचा नियम आहे. पाटीलवहिनींनी कठड्यावर कुरडया घातल्या आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली. अण्णांनी जिन्यात सुनावणी लावली, वॉचमनला पक्षकारांचा पुकारा करायला लावला, आणि जुनी इतिवृत्ताची वही उघडली. "नियम नुसता वाचू नका," ते म्हणाले, "तो काहून झाला ते बघा." वहीत लिहिलं होतं की चादरींचं पाणी खाली ठिबकतं म्हणून नियम केला. कुरडया ठिबकत नाहीत, सबब तक्रार फेटाळली. पुरावा म्हणून जप्त केलेल्या कुरडया अण्णांनी तळून खाल्ल्या, त्याची मात्र वहीत नोंद नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मिरच्या वाळवायच्या तरी लोक 'कुरडई प्रकरण बघा' म्हणतात. सुनावणी नळाला पाणी यायच्या दिवशी आली, तर एकही पक्षकार हजर राहत नाही. अण्णाही घरात टाकी भरत असतात, पण वहीत 'प्रशासकीय कारणास्तव तहकूब' असं लिहितात.

एकूण काय, आम्ही त्यांना हसत होतो आणि सोसायटी चालली होती. मग शेखबाईंचा विषय निघाला.

शेखबाई मूळच्या सिल्लोडच्या. इथं शाळेत विज्ञान शिकवतात. म्हाताऱ्या आईला घेऊन त्या पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होत्या. त्यांचा अकरा महिन्यांचा करार संपत आला, आणि आमचे अध्यक्ष बोराडेसाहेब एक मसुदा घेऊन आले. यापुढे भाडेकरू 'सोसायटीला अनुरूप' असावा आणि ते कमिटीनं ठरवावं, असा नियम. शेखबाई मुसलमान आहेत म्हणून त्यांना काढायचं होतं, हे सोळाच्या सोळा घरांना ठाऊक होतं. सुशिक्षित लोक असल्यामुळे कुणी तसं बोललं नाही. अकरा जणांनी सह्या केल्या. त्यात माझीही सही होती. बोराडेसाहेब दारात उभे होते, हातात पेन होतं, आणि मला वाईटपणा नको होता.

अण्णा मसुदा बघून खूश झाले. "नियम करायचा? जरूर करू," ते म्हणाले. "पण रीतसर."

दुसऱ्या दिवशी मसुदा फलकावर लागला. हरकतींची मुदत पंधरा दिवस. खाली अण्णांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'नियमाची कारणे'. त्याखाली पाच कोऱ्या ओळी होत्या. सही करणाऱ्यांपैकी कुणीही एकानं त्या स्वतःच्या अक्षरात भरायच्या आणि खाली नाव घालायचं, एवढीच अट.

"अण्णा, कारण सगळ्यांना माहीत आहे," बोराडेसाहेब म्हणाले.

"मग लिहायला काय अडचण आहे? कारण नसलेला हुकूम वरच्या कोर्टात टिकत नाय, साहेब. उद्या अशीच एखादी कुरडई आली, तर मी वहीत काय बघू?"

बोराडेसाहेबांनी तिथंच पेन काढलं, टोपण उघडलं, आणि त्यांना अचानक फोन आला. फोन वाजलेला आम्ही कुणी ऐकला नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी 'सुरक्षितता' असं लिहिलं, पण नाव घातलं नाही. अण्णांनी शेजारी शेरा मारला, 'निनावी, दाखल करता येत नाही.' मग फलकाजवळून जाताना लोकांच्या चपला भराभर वाजू लागल्या. एका सकाळी मीही तिथं उभा राहिलो. पेन खिशात होतं. शेखबाई शाळेला निघाल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, सर." मी पाण्याच्या वेळापत्रकाची नोटीस अगदी मन लावून वाचली.

पंधरा दिवस झाले. अण्णांनी मसुद्यावर 'कारणांअभावी निकाली' असं लिहिलं. शेखबाईंचा करार पुढं वाढला.

संध्याकाळी मी अण्णांकडे गेलो. "बरी युक्ती काढलीत," मी हसत म्हणालो. ते हसले नाहीत.

"युक्ती नाय ती," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो, आणि ते सांगू लागले.

"नोकरी लागली तवा आम्ही इथंच गुलमंडीकडं खोली बघत हिंडलो. मंडळी संगं होती. तिच्या हातावर, गळ्यावर कोड होतं. खोली रिकामी दिसायची, अन् आम्ही जिना चढून गेलो की ती कुणाला तरी दिलेली असायची. लई गोड बोलायचे लोक, पाणी विचारायचे. शेवटी ती गावी, देवगाव रंगारीला ऱ्हायली, मी इथं लॉजवर. सात वर्षं. ती म्हणायची, माझ्यापायी आसंल का हो? मी म्हणायचो, नाय गं, शहरात खोल्याच कमी हायत. मरेपर्यंत तिला तेच सांगितलं. एकानं जरी तोंडावर कारण सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. कोर्टात काम करणारा माणूस मी, अन् भांडायचं कशाशी तेच कुणी हातात दिलं नाय."

मला लाज वाटली. अण्णांसमोर बसवेना. मसुदा त्यांच्या टेबलावरच होता, सहा नंबरला माझी सही. मी म्हणालो, "अण्णा, एवढी माझी सही खोडू द्या."

त्यांनी कागद उचलला, नीट घडी घातली आणि फाइलीत ठेवला.

"नाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या ती. आम्हाला ज्यांनी खोली नाकारली, त्यांच्यातल्या एकाची बी सही माझ्यापाशी नाय."