सोनकांबळे बाईंची टाच

सोनकांबळे बाईंचा चपलेवर विश्वास नाही. पायात घालण्याआधी ती उलटी करून झटकतात, तळ दाबून बघतात आणि मग शेजारच्या माझ्या ओसरीकडे एकदा नजर टाकतात. आत खडा निघालाच, तर तो मी टाकलेला असणार.

शिरूर अनंतपाळच्या शाळेत बाईंनी आयुष्यभर उभं राहून गणित शिकवलं. आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात. मी त्याच शाळेत शिकवतो, त्यामुळे त्यांचं ‘पुरावा दाखवा’ मी वर्गाबाहेरही ऐकत आलोय. दूधवाला म्हणाला, पाणी घालत नाही, पुरावा दाखवा. भाचीनं फोन केला, लग्न ठरलं, पुरावा दाखवा.

या उन्हाळ्यात त्यांची उजवी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखी कळ. थोडं चाललं की कमी व्हायची, बसून उठलं की पुन्हा हजर. बाईंनी चौकशी सुरू केली. पहिला संशय नव्या फरशीवर गेला, मग वांग्यांवर, आणि वांगी मीच दिलेली असल्यामुळे शेवटी माझ्यावर.

मी त्यांना लातूरला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, हा त्याचा पहिला गुन्हा. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड जरा वाढलेलं दिसलं. बाईंना वाटलं, चोर सापडला. पण डॉक्टर म्हणाला, असं हाड काही न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं. दुखणं आहे ते टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचं. फार वेळ उभं राहून, कडक फरशीवर अनवाणी वावरून किंवा चालणं एकदम वाढवून तो ताणला जातो. तुमचं चालणं हल्ली वाढलंय का, असं त्यानं दोनदा विचारलं. बाई दोन्ही वेळा नाही म्हणाल्या.

उठण्याआधी टॉवेलनं पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, बर्फाची बाटली तळपायाखाली फिरवायची, घरातही मऊ तळाची चप्पल घालायची. आणि काही आठवडे चालणं कमी. बरं व्हायला महिने लागतील, पण बहुतेकांचं बरं होतं, असं तो म्हणाला.

बाहेर आल्यावर बाई हळूच म्हणाल्या, “हाड समोर दिसून राहिलं, अन् हा म्हणतो निर्दोष. त्याचं त्या हाडाशी काही नातं हाय का?”

तरी व्यायाम त्यांनी काटेकोर केले. दोन महिने झाले, पण टाचेचं दुखणं काही कमी होईना. मग मलाच संशय यायला लागला. रोज पाच वाजता बाई भाजीला म्हणून लंगडत निघायच्या आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायच्या. एके दिवशी मी मागोमाग गेलो.

बाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जनाबाईंच्या अंगणात शिरल्या. जनाबाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला आणि डावा पाय ओढत चालायची वेळ आली. व्यायाम शिकवायला आलेल्या माणसाला त्यांनी हाकलून दिलं होतं, मुलानं आणलेली काठी फेकून दिली होती. मला कुणाचा आधार नको म्हणून त्या बाजेवर पडून राहिल्या होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्याच जनाबाई आता अंगणात चालत होत्या. एक डाव्या पायानं लंगडत होती, दुसरी उजव्यानं. दोघींनी एकमेकींचे दंड धरले होते.

जनाबाईंनी मला फाटकात पाहिलं. “या सर. बाईला डॉक्टरनं रोज चालायला सांगितलंय न्हवं? तिला एकटीला धीर होईना. म्हणून मी चालते संगं.”

बाई जमिनीकडे बघत होत्या.

“तुम्हीच व्हता की दवाखान्यात,” जनाबाई म्हणाल्या. “अजून किती दिस चालवायचं हिला?”

मी म्हणालो, “दिवाळीपर्यंत तरी. पण दर फेरीला जरा बसायचं, असंबी म्हणाला डॉक्टर.”

“मग बसू की,” जनाबाई म्हणाल्या, आणि बाईंना जपून धरत बाजेकडे घेऊन गेल्या.